देवाच्या आधी काय होतं, आणि ताटावरून कोण उठलं

पत्र थोडक्यात: ताई, मी परभणीची, वय ३९, ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. घरी सासरे, नवरा आणि सहावीतली मुलगी. सासरे मूळचे औंढा नागनाथजवळच्या गावचे, रोज दीड तास पूजा. नवरा इंजिनिअर, पक्का नास्तिक. यंदा गणपतीत आरती झाली, जेवायला बसलो आणि मुलीने विचारलं, देवाने जग केलं मग देवाला कुणी केलं, आणि त्याच्या आधी काय होतं? सासरे म्हणाले, देव स्वयंभू असतो, असले प्रश्न विचारू नयेत. नवरा म्हणाला, "मूर्तिकाराने केलं, अकराशे रुपयाला, बिल आहे माझ्याकडे." सासरे ताटावरून उठले. तीन आठवडे झाले, ते त्यांच्या खोलीतच जेवतात. नवरा म्हणतो, विज्ञानाने सगळं सिद्ध केलंय, मी मुलीशी खोटं का बोलू. मुलगी मला विचारते, दोघांपैकी बरोबर कोण? मी वर्गात मुलांना बिग बँग समजावते आणि घरी मार्गशीर्षातले गुरुवारही करते, त्यामुळे मला बोलायचा हक्कच नाही असं वाटतं. मी ढोंगी आहे का? मुलीला काय सांगू?
– मधल्यामध्ये अडकलेली

अगं अडकलेली,

खोटं नाही बोलणार, त्या अकराशे रुपयांवर मला हसू आलं. आणि दुसऱ्या क्षणी ते अर्धवट टाकलेलं ताट दिसलं. गणपतीचे दिवस, पानात मोदक वाढलेले, आणि घरातलं सगळ्यात मोठं माणूस नातीसमोर उठून जातं. जगाच्या उत्पत्तीचं आपण बघूच, पण तुझ्या घरात आत्ता जे बिघडलंय ते त्या एका वाक्याने बिघडलंय आणि ते वाक्य नास्तिकपणाचं नव्हतंच, ते बापाला पोरीदेखत खाली पाडायचं होतं. नास्तिक माणसं आरतीला टाळ्या न वाजवता शांत उभी राहतात आणि नंतर मोदक खातात, मी अशी ढिगाने पाहिलीत.

मला हे कळतं कारण मीही हे केलंय. बावीसची असेन, घरी सत्यनारायण, वडील सोवळं नेसून बसलेले, भटजी संकल्प सांगतायत आणि पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत मी मोठ्याने विचारलं की बाबा, तुम्ही जे म्हणताय त्यातलं एक अक्षर तरी कळतं का तुम्हाला? कळत नव्हतं त्यांना. जिंकले मी. त्यानंतर दोनेक वर्षं ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायचे. त्या संकल्पाकडे मी परत येईन, कारण त्यात मला काय सापडलं ते तुझ्या उपयोगाचं आहे.

आता तुझ्या पत्रातलं मला खटकलेलं सांगते. तू धरूनच चाललीयेस की घरात दोन उत्तरं आहेत, एक आबांचं (मी त्यांना आबा म्हणते, चालेल ना) आणि एक नवऱ्याचं, आणि तुला त्यातलं एक निवडून मुलीच्या हातात ठेवायचंय. नीट बघ, त्या रात्री तिला कुणीच उत्तर दिलं नाही. एकाने प्रश्न बंद केला, दुसऱ्याने उडवून लावला. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत ऑगस्टीन नावाचा ख्रिस्ती बिशप होऊन गेला, त्याच्यासमोर हाच प्रश्न होता, जग करायच्या आधी देव काय करत होता? तेव्हा एक चावट उत्तर प्रचलित होतं, की असले खोलात शिरणारे प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता. ऑगस्टीन ते उत्तर सांगतो आणि लिहितो की मी हे उत्तर देणार नाही, खरा प्रश्न विचारणाऱ्याची थट्टा करण्यापेक्षा मला माहीत नाही म्हणणं बरं. मग तो स्वतःचा विचार मांडतो की काळ हाच मुळी जगाबरोबर सुरू झाला, त्यामुळे 'आधी' या शब्दालाच तिथे जागा नाही. देव मानणाऱ्या माणसाचा हा युक्तिवाद, आणि गंमत म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग देव न मानता जवळपास तिथेच पोचले, बिग बँगच्या आधी काय हे विचारणं म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय असं विचारण्यासारखं आहे म्हणाले. पटो न पटो, पण दोघांनीही प्रश्न ऐकून घेतला होता.

'असले प्रश्न विचारू नयेत' हे आबांचं वाक्य घे. आबांना आधार पाहिजे असेल तर तो आहे, मी लपवणार नाही. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्यांना विचारत सुटते, हे सगळं पाण्यात ओवलेलं आहे तर पाणी कशात ओवलंय? वाऱ्यात. मग वारा? असं करत करत ती ब्रह्मलोकापर्यंत येते आणि तो कशात ओवलाय म्हणते, तेव्हा याज्ञवल्क्य म्हणतात, गार्गी, अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल तुझं. ती गप्प बसते. आपण गोष्ट इथेच थांबवतो, पण ती तिथे थांबत नाही. त्याच सभेत थोड्या वेळाने गार्गी पुन्हा उभी राहते, म्हणते माझे दोन प्रश्न आहेत, दोन बाण घेऊन आलेल्या योद्ध्यासारखी मी आलीये, आणि पुन्हा तेच विचारते, फिरवून. आणि यावेळी याज्ञवल्क्य उत्तर देतात, लांबलचक देतात, आणि तिचं डोकंबिकं काही गळत नाही. ही गोष्ट आबांनी स्वतः नातीला सांगावी असं मला फार वाटतं, तू सांगण्यापेक्षा त्यांनी.

आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, नासदीय. आपल्या वयाच्या लोकांनी दूरदर्शनवर एका मालिकेच्या सुरुवातीला त्याचं हिंदी ऐकलंय, अंगावर काटा यायचा. सात ऋचा फक्त. सुरुवात अशी की तेव्हा असत् नव्हतं आणि सत् सुद्धा नव्हतं. पुढे सहाव्या ऋचेत तुझ्या मुलीचाच प्रश्न आहे, ही सृष्टी कुठून आली, खरंच कुणाला माहीत आहे, कोण सांगणार? आणि लगेच, 'अर्वाग्देवा अस्य विसर्जनेन', म्हणजे देव तर हे सगळं झाल्यानंतरचे! हे वेदात आहे हं, तुझ्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये नाही. आणि शेवट तर काय आहे, की वर परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे त्याला हे माहीत असेल, 'यदि वा न वेद', किंवा त्यालाही नसेल माहीत. तीन हजार वर्षांच्या आसपास जुनी ओळ असेल ही आणि तिच्यात देवाबद्दलसुद्धा शंकेला जागा ठेवलीये. म्हणजे नातीने विचारलं ते घराण्याबाहेरचं नाही.

तसंही 'आपल्या धर्मात' एकच उत्तर कधी होतं? हिरण्यगर्भ म्हणजे सोन्याचं अंडं आहे, पुरुषसूक्त आहे, पुराणात नाभीतलं कमळ आहे. सांख्य दर्शनवाल्यांनी प्रकृती (जड) आणि पुरुष (चैतन्य) या दोनांवर सगळं उभं केलं, मूळ मांडणीत निर्माता देव लागलाच नाही त्यांना. शेजारी कुणी जैन असतील तर ते सांगतील की जग कुणी केलंच नाही, ते अनादी आहे. बुद्धाला विचारलं जग शाश्वत की अशाश्वत, तर त्यांनी उत्तर द्यायचं नाकारलं, म्हणाले बाण लागलेला माणूस आधी बाण काढून घेईल का मारणाऱ्याची जात आणि धनुष्याचं लाकूड विचारत बसेल? मुलीच्या वर्गातली मुसलमान मैत्रीण सांगेल, अल्लाह 'हो' म्हणतो आणि ते होतं. हे सगळं एका वर्गात एका बाकावर बसलेलं असतं.

आता नवरोबा. 'विज्ञानाने सगळं सिद्ध केलंय.' तू फिजिक्सची बाई, तुला हे वाक्य ऐकून आतून काहीतरी झालं असणार, मग बोलली का नाहीस? बिग बँग काय सांगतं ते तू मला शिकवशील, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, साधारण १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट, अतिशय गरम होतं आणि तेव्हापासून ते प्रसरण पावतंय. कुठल्यातरी रिकाम्या जागेत फटाका फुटला असं नाही, जागाच ताणली जातेय. त्या क्षणाच्या अगदी सुरुवातीला, एका सेकंदाच्या कल्पनेपलीकडच्या छोट्या तुकड्यात, आपली आजची समीकरणं चालत नाहीत. आधी काही होतं का, 'आधी' असतं का, आणि मुळात काही नसण्याऐवजी हे सगळं का आहे, याचं सिद्ध झालेलं उत्तर कुणाकडे नाही. कल्पना आहेत, एकापेक्षा एक भारी.

आणि ही थिअरी मांडली कुणी? जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचा कॅथलिक पाद्री. १९२७ साली त्याने प्रसरणाची कल्पना मांडली, १९३१ मध्ये म्हणाला की सगळं एका आदिम अणूपासून सुरू झालं असेल. बरेच शास्त्रज्ञ नाक मुरडत होते, हे तर बायबलची सृष्टी मागच्या दाराने आणतंय म्हणून. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलला ही थिअरी पटत नव्हती, १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर त्यानेच 'बिग बँग' हा शब्द वापरला आणि तोच नाव होऊन बसला. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या विज्ञानाचा सृष्टिकर्त्याच्या बाजूने दाखला दिला, तेव्हा खूश व्हायच्या ऐवजी लमेत्र अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं होतं की माझी थिअरी देव आहे असंही सांगत नाही आणि नाही असंही सांगत नाही, दोन्ही वेगळं ठेवा. पाद्री होता बरं का, रोज प्रार्थना करणारा. तुला ढोंगी वाटतोय का तो?

आपल्या मराठी माणसांना आणखी जवळचं उदाहरण म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर. कोल्हापूरला जन्म, हॉइलचे विद्यार्थी, पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, मे २०२५ मध्ये गेले. त्यांना बिग बँग पटलं नाही, शेवटपर्यंत नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत पर्यायी थिअरी मांडली, विश्वाला सुरुवात नसलेली. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ त्यांच्या बाजूला गेले नाहीत, आणि त्याला कारणं आहेत. १९६४ मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांना रेडिओ अँटेनात एक खरखर ऐकू येत होती जी जाता जाईना, त्यांनी आत बसलेली कबुतरं हाकलली, कबुतरांची शी सुद्धा साफ केली (हे मुलीला नक्की सांग, ती हे आयुष्यभर विसरणार नाही), तरी खरखर तशीच. ती विश्वाच्या बाळपणाची ऊब होती, थंड होत होत आज पावणेतीन केल्विनच्या आसपास आलेली. लमेत्र १९६६ मध्ये गेला, त्याच्या थोडं आधी त्याला ही बातमी कळली होती, मला नेहमी वाटतं काय वाटलं असेल त्या म्हाताऱ्याला. असो. सांगायचं हे की विज्ञानात 'सिद्ध' हा शब्द असा हातोड्यासारखा वापरत नाहीत, नारळीकरांसारखा माणूस बहुमताच्या विरोधात आयुष्य काढतो आणि तरी त्याचा मान राहतो.

पण थांब, मी तुला 'सगळंच खरं, सगळ्यांचंच बरोबर' असलं गुळमुळीत सांगत नाहीये. विश्वाचं वय, पृथ्वीचं वय, तारे कसे बनतात, माणूस कुठून आला, याबाबत पुरावा बोलतो आणि तो नवऱ्याच्या बाजूने आहे. आबांच्या फोनवर तो फॉरवर्ड आला असेलच, की ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, बघा आमच्या ऋषींना सगळं माहीत होतं. हा ताळा आपल्याच पोथीत बसत नाही. आता माझ्या बाबांच्या संकल्पाकडे येते. 'ब्रह्मणो द्वितीये परार्धे, श्रीश्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे प्रथमचरणे', मग दंडकारण्य, मग गोदावरीचा काठ (तुम्ही परभणीवाले उत्तर तीरावर), मग शालिवाहन शक, तिथी, वार आणि शेवटी आपलं गोत्र आणि नाव. त्या हिशोबाने चालू कल्पाची, म्हणजे ब्रह्मदेवाच्या चालू दिवसाची, आत्तापर्यंत साधारण १९७ कोटी वर्षं झाली, ४५४ नव्हे. म्हणजे विज्ञान म्हणून ते जुळत नाही, आणि जुळवायची गरजही नाही. मला जे दिसलं, फार उशिरा, बाबा गेल्यावर, ते वेगळंच होतं. एक साधा पगारदार माणूस पाटावर बसून दर पूजेला आधी अब्जावधी वर्षं मोजतो, मग एक नदी, मग आजचा दिवस, आणि मग सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव घेतो. मी त्यांना विचारलं होतं, कळतं का. मलाही कुठे कळत होतं.

आता ढोंगाचं. तू गुरुवार का करतेस ते पत्रात लिहिलं नाहीस, आणि तेच महत्त्वाचं होतं. आवडतं म्हणून, त्या दिवशी घर जरा वेगळं लागतं, पाच बायका येतात, सासूबाई करायच्या त्यांची आठवण, असं असेल तर त्याचा बिग बँगशी काहीएक संबंध नाही, घट मांडणं हे काही विश्वाच्या उत्पत्तीबद्दलचं विधान नव्हे. पण 'एक गुरुवार चुकला तर काहीतरी वाईट होईल' या भीतीने करत असशील तर मात्र बस आणि विचार कर, नवऱ्याच्या टोमण्यामुळे नाही, मुलगी तुझी भीती उचलेल म्हणून. श्रद्धा तिने घ्यायची की नाही ते तिचं ती बघेल, भीती न विचारता लागते.

मुलीला काय सांगायचं. 'कोण बरोबर' याचं उत्तर देऊ नकोस, म्हणजे टाळू नकोस, सरळ म्हण की मी तुला न्यायाधीश करणार नाही, आजोबा आणि बाबा दोघं तुझे आहेत. तिचा प्रश्न मात्र तिच्यासमोर दोन भागात सोडव. जग केव्हापासून आहे आणि कसं कसं बनत गेलं, हे शोधता येतं, मोजता येतं, त्यातलं मला बरंच माहीत आहे, चल दाखवते. आणि हे सगळं का आहे, कुणी केलंय का, केलं असेल तर त्याला कुणी, याचं उत्तर मला माहीत नाही, बाबांना नाही, आजोबांनाही नाही, आजोबांचा एक विश्वास आहे आणि बाबांचा एक अंदाज आहे. 'देवाला कुणी केलं' हा तिचा प्रश्न एकदम बरोबर आहे हे तिला सांग, मोठमोठे लोक तिथेच अडलेत, कुणी म्हणतं साखळी कुठेतरी थांबवावी लागते आणि ती देवापाशी थांबते, कुणी म्हणतं थांबवायचीच तर विश्वापाशीच का नको. दोन्ही बाजू तिला सहावीत कळतात, खात्रीने सांगते, पोरं आपल्यापेक्षा 'माहीत नाही' बरोबर आरामात राहतात. परीक्षेत मात्र पुस्तकातलं लिहायचं म्हणावं.

दिवाळीनंतर आकाश स्वच्छ झालं की गावाबाहेर, दिव्यांपासून लांब, तिला देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा) दाखव, अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना पुसट ढगासारखी दिसते. तो प्रकाश साधारण २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. 'आधी काय होतं' याचं इतकं स्वस्त उत्तर दुसरं नाही, मान वर करायची फक्त.

नवऱ्याला काय सांगशील? मत बदल म्हणू नकोस. त्याने आबांच्या खोलीत जाऊन एवढंच म्हणायचं की माझं म्हणणं तेच आहे पण मी ते ज्या पद्धतीने बोललो ते चुकलं. मुलीसमोर झालं होतं ना, मग मुलीसमोर. 'तुम्हीही तिला गप्प केलंत' हे त्याच वाक्यात जोडू देऊ नकोस, ते नंतर, आणि ते तू बोल. आबांकडे ताट घेऊन जायचं काम तीन आठवडे तूच करतेयस असं दिसतंय, ते उद्यापासून नातीला दे, आणि तिने तिथेच आपलंही ताट घेऊन बसावं, आणि संकल्पाचा अर्थ विचारावा. आबांना येत नसेल तर दोघं मिळून शोधतील. नातीने शिकव म्हटलं की आजोबा किती दिवस रुसून बसतो ते बघूच. आणि नाही जमलं, आबा तरी बाहेर आले नाहीत, तर त्यांच्या मागे लागू नकोस. म्हाताऱ्या माणसांना यायला वेळ लागतो, सगळं तू एकटीने शिवायचं असं कुठे लिहिलेलं नाही.

अजून एक सुचवू का, तुमच्याच गावाकडचं आहे. औंढ्याजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होतेय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने सुमारे २६०० कोटींना मंजुरी दिली, चार चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि त्या प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी हललेलं पकडतील. अमेरिकेतल्या लायगोने २०१५ मध्ये अशी पहिली लाट पकडली होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याची. आणि त्याच औंढ्यात नागनाथाच्या देवळातली नामदेवांची गोष्ट आबांना तोंडपाठ असणार. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, नामदेव म्हणतात पाय काढा, विसोबा म्हणतात बाबा रे, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव, आणि नामदेव जिथे पाय नेऊन ठेवतात तिथे पिंड. पिंडीवर पाय ठेवणारा माणूस गुरू झाला, हे तुझ्या नवऱ्यालाही ऐकू दे.

एका रविवारी चौघं जा. लायगोचं काम बाहेरून जेवढं दिसेल तेवढं बघा, त्याचं सांगायला तू आहेस, देवळातली गोष्ट आबा सांगतील. नवऱ्याला गाडी चालवायला बसव म्हणजे बोलायला कमी मिळेल, पुढच्या सीटवर आबा, मागे तुम्ही दोघी. डबा घरून ने आणि एकच मोठा ने, चार वेगळे नको. आणि परत येताना पोरीने काय विचारलं ते मला कळव, मी वाट बघतेय.

तुझी ताई